बिटाचा आडोसा

प्रिय ऊर्मिला,

क्षेमकुशल नंतर, आधी मुद्द्याचं लिहिते. मी घाबरले आहे. झुरळ बघून तुझ्या पाठीमागे लपायचे, तसं नव्हे गं. लघवी लाल होतेय. दुखत नाही, जळजळ नाही, ताप नाही. नुसती लाल.

तू म्हणशील, बीट खाल्लं असशील. खाल्लंय ना! रोज खात होते. इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आल्यापासून सुमितच्या स्वयंपाकघरात मी आपला जुना धंदाच मांडलाय. सूनबाई मैत्रेयी दुकानातल्या प्रत्येक पाकिटावरचं बारीक अक्षर वाचते आणि रंगाचं नाव दिसलं की पाकीट परत ठेवते. म्हटलं, अगं, मी आणि ऊर्मिलाने जन्मभर बर्फ्या विकल्या, पण डबीतल्या रंगाला कधी हात लावला नाही. मग काय, केशर घालून शिरा, पालकाच्या पुऱ्या, कोकमाचं सरबत, सगळं सुरू झालं. तू दिलेल्या गोकर्णाच्या फुलांचं निळं पाणी केलं, त्यात लिंबू पिळलं आणि ते जांभळं झालं, तेव्हा नातबाई अन्वी टाळ्या पिटत नोखमाल, नोखमाल करत राहिली. म्हणजे पुन्हा कर. कार्टीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये! पण तिचा खरा जीव गुलाबी पोळीवर. इथे बीट उकडून, सोलून पाकिटात मिळतं. किसायचं आणि कणकेत मळायचं.

आठवतं, आपण बिटाची बर्फी पहिल्यांदा केली तेव्हा समोरचे शरदचंद्रकाका कसे घाबरेघुबरे होऊन दारात आले होते? लघवीतून रक्त जातंय म्हणून थेट निरवानिरवीची भाषा! तू पदरात तोंड लपवून हसलीस आणि सांगितलंस, काका, एखाद्याला उतरतो बिटाचा रंग, एक-दोन दिवसांत जाईल. आणि गेलाच. म्हणून पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हा मीही हसले. म्हटलं, कुंदे, तुझा शरदचंद्र झाला.

पण मध्ये काही दिवस बीट न खाताही लाल दिसलं, तेव्हा मी काय केलं असेल? पुन्हा बीट आणलं. कोशिंबीर, थालीपीठ, इडलीतसुद्धा बीट. सुमित वैतागून ताट बाजूला सारायला लागला. मैत्रेयी बिचारी हळूच म्हणाली, आई, आज साधा पांढरा भात करूया का? तर मी तिच्यावरच उखडले. तिला कसं सांगू, की घरात बीट नसेल त्या दिवशी त्या लालीला माझ्याकडे उत्तर नसेल? ताटात बीट आहे तोवर ते बीटच. बाई, काय वेडेपणा करत होते मी! आणि करत होते हे मला कळतही होतं.

सांगायला सवड नव्हती असंही नाही. आधी अन्वीचा शाळेचा पहिला दिवस आला. इथे त्या दिवशी मुलांना खाऊने भरलेला भलामोठा कागदी शंकू देतात, तो तिने मलाच धरायला लावला. म्हटलं, हे होऊ दे, मग सांगू. ते झालं. मग सुमितच्या कामाची गडबड निघाली. कारणं काय, शोधावी तितकी सापडतात. खरं एवढंच, की मला डॉक्टरांच्या तोंडून काही ऐकायचं नाही. परक्या भाषेत तर नाहीच नाही.

गेल्या आठवड्यात पाकीट संपलं आणि मी मुद्दाम नवं आणलं नाही. रोज वरण-भात आणि लिंबू. आज सकाळीसुद्धा लाल, आधीपेक्षा गडद. कडी लावून मी तिथेच बसून राहिले, अन्वी दार वाजवत होती तरी उठवेना. नंतर सुमितसमोर तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते, चहा टाकू का. तुला फोन केला असता तरी मी, काही नाही गं, बीट असेल, म्हणून निसटले असते. म्हणून कागदावर लिहितेय. हे वाचल्यावाचल्या तू सुमितला फोन लावशील, चांगली ओळखते मी तुला. आणि त्याला ते तुझ्याकडून कळलं तर तो मला कधी माफ करणार नाही. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडायच्या आत मला त्याला सांगावंच लागेल. टपालपेटी कोपऱ्यावरच आहे. अंगात धीर आहे तोवर चपला घालते आणि टाकून येते.

तुझीच,
कुंदा