दोरीच्या उजवीकडे

रेज्जो, १९ नोव्हेंबर १९९८

प्रिय एर्मेस,

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फोडण्याआधी तू जरा वेळ बसला असशील. 'प्रिय' लिहिताना मीही थांबले होते. दुसरी सुरुवात सुचली नाही, म्हणून राहू दिलं.

अजून घेतोस का रे तो खेळ? पंचवीस एप्रिलला, जर्मनांपासून मुक्तीच्या सणाचं जेवण झालं की चौकाच्या मधोमध दोरी, डावीकडे खरं, उजवीकडे खोटं, आणि चर्चच्या पायरीवर हातात कार्डं घेऊन तू. रोम जळत असताना नीरो व्हायोलिन वाजवत होता, म्हटलं की अर्धं गाव डावीकडे पळायचं. तू शांतपणे सांगायचास, "तेव्हा व्हायोलिन जन्माला यायचं होतं, बसा खाली." टोमॅटो अमेरिकेतून आला हे गावातल्या एका म्हातारीला शेवटपर्यंत पटलं नाही. "मग माझी आजी सॉस काय दगडाचा करायची?" असं म्हणत ती दरवर्षी उजवीकडे जायची आणि दरवर्षी बाद व्हायची. मला तुझा अभिमान वाटायचा. शाळामास्तर नवरा मिळणार म्हणून बाबाही खूश होते. एकोणऐंशीच्या जूनमध्ये आपलं लग्न ठरलं होतं.

त्या वर्षीचं सातवं कार्ड तू मला आधी दाखवलं नाहीस. फक्त म्हणालास, "या खेपेला एक जड कार्ड आहे, नीवेस, पण इतिहासात आपलं-परकं करता येत नाही." मला वाटलं, असेल कुठल्या तरी पोपबद्दल. आणि मग तू वाचलंस: नोव्हेंबर १९४४ मध्ये डोंगरावरच्या चेस्टनट वाळवायच्या झोपडीत लपलेल्या आणि तिथेच मारल्या गेलेल्या आपल्या सात बंडखोर पोरांचा पत्ता जर्मनांना दिला तो बेकरीवाल्या ओलिंदोने. खरं की खोटं?

कोणीतरी हसलं. मग तुझा चेहरा पाहून हसू थांबलं. बाबा बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. मी उजवीकडे जाऊन उभी राहिले. बाकीचे एकेक करून डावीकडे गेले. ज्यांच्या बारशाचे केक बाबांनी भाजले होते, तेही गेले. सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, तुझी आई गेली. तू म्हणालास, "खरं." आणि कागद वर धरलास: त्याच आठवड्यात जर्मन अधिकाऱ्याने बेकरीला चार पोती पीठ दिल्याची नोंद. बाबा उठले, टोपी घातली आणि घरी गेले. मी तुला अंगठी परत पाठवली, त्यावर तू लिहिलंस, "कागदात सापडलं तेवढंच मी सांगितलं."

लोक पावासाठी शेजारच्या गावात जाऊ लागले. बाबा तरीही रोज पाव भाजायचे, दुपारी आम्ही तो कोंबड्यांना घालायचो. ऑक्टोबरमध्ये भट्टी विझवली आणि आम्ही इथे आलो. बाबांना एका कारखान्याच्या दारावर पहारेकऱ्याचं काम मिळालं, मी शाळेच्या स्वयंपाकघरात लागले. लग्न केलं नाही. तुझ्यासाठी नव्हे, माणसं दोरी ओलांडताना पाहिल्यावर कोणाच्या शेजारी उभं राहायची इच्छाच उरली नाही.

शहाऐंशी साली, जायच्या चार दिवस आधी बाबांनी मला सांगितलं. चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरातल्या त्या पहाटे दुकानाच्या झडपेतून त्यांनी पाहिलं होतं. चौकातल्या हौदापाशी सैनिकांनी एका बाईला अडवलं. तिच्या हातातलं दोन महिन्यांचं मूल एकाने हिसकावलं आणि पाय धरून पाण्यावर उलटं टांगलं. एकदा डोकं बुडवलं. दुसऱ्यांदा बुडवण्याआधी बाईने हात वर करून डोंगरावरची झोपडी दाखवली. पीठ नंतर आलं, सैनिकांसाठी पाव भाजायला. नाही म्हणायची सोय नव्हती. मी बाबांवर ओरडले. म्हटलं, चौकात का नाही बोललात? ते म्हणाले, "बावीस वर्षांची पोर होती ती. मूल माझं असतं तर मी सातांच्या जागी सत्तर दाखवले असते. ती जिवंत आहे तोवर तू तोंड उघडायचं नाहीस."

मी उघडलं नाही. यात चांगुलपणा फार नव्हता, एर्मेस. तू गावात ताठ मानेने फिरत असशील आणि तुझं खरं माझ्या पेटीत पडलं आहे, या विचाराने मला कित्येकदा शांत झोप लागली आहे.

परवा पेपरात तुझ्या आईच्या निधनाची बातमी वाचली. आर्जिआ, वय शहात्तर, शोकाकुल मुलगा एर्मेस. दोन महिन्यांचं ते मूल तू होतास. कागद माझ्याकडे नाही. बाबांचा शब्द आहे, आणि तो खरा मानायचा की नाही ते तूच बघ. उत्तर पाठवू नकोस, मी वाचणार नाही. बाबांनी मला ती असेपर्यंतच गप्प राहायला सांगितलं होतं. ती गेल्यावर तू कसं जगायचं, याबद्दल ते काही बोलले नाहीत.

एके काळी तुझीच,
नीवेस