पोराच्या घरी

जामनगर,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. रवी,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सुखरूप पोचलो. बाबांचा गुडघा प्रवासात सुजला होता, आता उतरला आहे. वृषालीला आणि गौरवला माझा आशीर्वाद सांग.

फोन असताना ताईला पत्र काय सुचलं, म्हणून हसशील. फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. शिवाय कारण तूच दिलंस. तुझा मेसेज मिळाला, भाऊबीजेला येतो म्हणून. त्याचं उत्तर शेवटी लिहिते.

घर चांगलं आहे. दुसरा मजला, लिफ्ट, बाल्कनीत सकाळचं ऊन. तुझ्या जिजाजींनी सगळी नोकरी कंपनीच्या क्वार्टरमध्ये काढली, त्यांचं स्वतःचं असं हे पहिलंच घर. सामान लावताना माणूस लहान पोरासारखा खूश होता.

रस्ता मात्र लांब. बाबांना रेल्वेच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून त्यांना गाडीनंच आणावं लागलं. मुलताई, बैतूल, हरदा, इंदूर, मग दाहोदवरून गुजरात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सौसरला न्यायला आलो, तेव्हा तू घरी नव्हतास. संत्र्याच्या सौद्यासाठी नागपूरला गेले, असं वृषाली म्हणाली. बाबा टोपी घालून ओट्यावर बसले होते, बॅग पायाशी. रवी येऊ दे, मग निघू, म्हणत होते. जिजाजींनी दोनदा गाडी सुरू करून बंद केली.

आई गेल्यावर ठरलं काय होतं, ते तुला मी सांगायला नको. बोरगावचं शेत जवळ, माणसं ओळखीची, बाबा सौसरलाच राहतील असं तूच म्हणाला होतास. मग वृषालीला त्यांचं खोकणं सोसवेना, वरची खोली भाड्यानं द्यायची निघाली, आणि तुला एकदम माझं घर मोठं दिसायला लागलं. असो.

पांढुर्ण्याला मंडीसमोर रस्ता तुंबला होता. तिथं चहाच्या टपरीपाशी तुझी गाडी उभी होती, मागच्या काचेवर गौरवचं नाव. मी पाहिली. जिजाजींनी पाहिली आणि ते समोर बघत राहिले. बाबांनीही पाहिली. मी विचारलं, थांबायचं का?

"चाल," बाबा म्हणाले. "गौरव नावाचे लय पोट्टे हायेत जगात."

तू टपरीमागे सरकलास, तेही मला दिसलं. हे मी लिहिणार नव्हते, पण लिहिलं गेलं आता.

आपले आजोबा लोधीखेड्याला आत्याकडे गेले की देवळाच्या हापशीचं पाणी पिऊन परत यायचे, आठवतं ना? लेकीच्या घरचं पाणी बापानं पिऊ नये म्हणून. बाबांनीही तेच धरून ठेवलं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्याकडे साधा चहा कधी घेतला नाही. आपण त्यांना हसायचो. मला वाटलं होतं, आता या वयात सुटेल ते.

हरद्याच्या पुढे धाब्यावाल्यानं विचारलं, बाबूजी, किधर? तर बाबा म्हणाले, लडके के यहाँ, नया मकान लिया है उसने. म्हातारं माणूस, बोलण्याच्या ओघात गेलं असेल, म्हणून मी सोडून दिलं. इंदूरच्या लॉजवर पुन्हा तेच. दाहोदच्या पेट्रोल पंपावर तर कहरच: मी येत नव्हतो, पण पोरानं फार हट्ट केला! मला संताप आला, रवी. गाडी आमची, त्यांचे पाय मी दाबायचे, आणि कौतुक तुझं.

बाबा इथं आले आणि दारावरची जिजाजींची पाटी वाचली: विनोद देवघरे. मग खुर्चीत बसले, आणि जेवायला उठलेच नाहीत. दोन दिवस खालच्या दुकानातली केळी, शेंगदाणे आणि विकतच्या बाटलीतलं पाणी. मी ताट वाढायचे, ते म्हणायचे भूक नाही. मी रडले, भांडले, जिजाजींनी हात जोडले. काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाई पेढे घेऊन आल्या आणि मलाच विचारलं, "दीदी, पीयर में कितने दिन रुकोगी? जमाईजी भी रुकेंगे?" बाबांनी खाली बाकावर बसून साऱ्या सोसायटीला सांगितलं होतं, घर पोराचं आहे, पोरगी माहेरपणाला आली आहे. माझ्या घरात मी पाहुणी, आणि ज्यानं घर घेतलं तो घरजावई.

बाई गेल्यावर मी बाबांना नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग काय सांगू लोकाइले? पोरानं काढून देलं म्हनून सांगू?"

त्यांच्या डोक्यात काही बिघाड नाही, रवी. त्यांना सगळं नीट कळतं. म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं.

जिजाजी त्या दिवशी बाजारात गेले. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं आपली पाटी काढली आणि नवी ठोकली: रवींद्र रघुनाथराव कळंबे. मला ते बघवेना, मी आत गेले. बाबा दारात उभे राहून वाचत होते. वाचून झाल्यावर आत येऊन म्हणाले, "स्मिता, भाकर टाक. चून असंल तं चूनच दे." पिठल्याशी दोन भाकरी खाल्ल्या. वरून माठातलं पाणी मागून घेतलं. तेव्हापासून नीट जेवतात.

आता भाऊबीजेचं. येऊ नकोस. इथं सगळ्यांना ठाऊक आहे की या घराचा मालक कामासाठी बाहेरगावी असतो. तू आलास तर गेटवर स्वतःच्याच घराचा पत्ता विचारशील, चपला कुठे काढू म्हणशील. बाबांची चार लोकांत शोभा होईल, आणि ते पुन्हा केळ्यांवर येतील. तुझ्या नावावर ते जेवून राहिले आहेत. नाव तेवढं राहू दे आमच्याकडे. तू तिकडेच राहा.

तुझ्या घरी माहेरपणाला आलेली,
स्मिता