रॅम्प, फळीसकट

१ सप्टें., मंगळवार

जीप रॅम्पवर चढवली. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, गिअर टाकून खाली सरकलो. ऑइल काळंकुट्ट निघालं. नट हटून बसलेला, पण सुटला. एसटी डेपोत तीस वर्षं खड्ड्यात उतरून मान वर करून काम केलं, आता स्वतःच्या अंगणात गोधडी टाकून, आरामात. रॅम्प मीच केलेत. लोखंडी चॅनेल कापून, सहा फुटी, जोडी. खाली पाय लावले की जीप चढते. पाय काढून वरचे आकडे अडकवले की ट्रॉलीला लागतात.

गावातले तिघं कुंपणाशी उभे राहून बघत होते. "मिस्त्री, नातवाला घसरगुंडी केली का?" ह्या लोकांना ट्रॅक्टरला ग्रीस मारायची अक्कल आजवर आली नाही, आणि हसायला पुढे. वीट आलाय.

आभाळ कोरडं. टँकर नाही.

३ सप्टें., गुरुवार

टँकर आला, अकराला. शिव्या, ढकलाढकली, नेहमीचंच. पाण्याचं टिपाड रॅम्पवरून लोटत ओट्यावर नेलं. सौ. म्हणाली, रिटायर झाल्यावर पहिलं कामाचं काम केलंत.

शेजारच्या कौसाबाईचंही टिपाड चढवून दिलं. मणक्याचं दुखणं, वाकता येत नाही. पोरगा-सून ऊसतोडीला जातात, ही दोन वर्षं झाली जात नाही. हरणी गाय आहे, दूध डेअरीला जातं, त्यावर एकटीचं भागतं. म्हणते, "हरणी हाय तवर कोयता हातात धरायची न्हाई, भाऊ." गाईच्या बरगड्या दिसायला लागल्यात. कडबा संपला.

५ सप्टें., शनिवार

दूध सोसायटीचा चेअरमन आला. (इथून पुढं 'चे.'. पूर्ण लिहायला शाई वाया.) सोसायटीच्या नावावर चारा छावणी मंजूर करून आणलीय, दिंद्रुड रोडला. अशक्त जनावरं ट्रॉलीतून न्यायची. रॅम्प पाहिजेत.

मी म्हणालो, हे चाकांसाठी आहेत, खुरांसाठी नाहीत. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची कडी मधे येते, दोन्ही रॅम्प चिकटून बसत नाहीत, वीतभर फट राहते. त्यात पाय गेला की संपलं.

"तुमी लई बारीक बघता, मिस्त्री." आणि परवानगीची वाट न बघता माणसं उचलून घेऊन गेली. माझ्या अंगणातून. पान खाऊन माझ्याच पायरीजवळ पिंक टाकून गेला, ते वेगळं.

६ सप्टें., रविवार

गेलो बघायला, राहवलं नाही. ट्रॉली मागच्या चाकांनी चरीत उतरवायला लावली, म्हणजे चढ कमी होतो. एवढंही कुणाला सुचलं नव्हतं. तरी पहिला बैल लोखंड बघून बिचकला आणि मागचा पाय फटीत गेला. नशीब, लगेच निघाला. त्यावर ह्यांची युक्ती काय, तर वरून गोणपाट टाकू, म्हणजे फट दिसणार नाही. बैलाला दिसणार नाही म्हणजे फट मिटली असं ह्यांना वाटतं. कपाळावर हात मारला.

घरून न्हाणीचं जुनं कवाड आणलं. एकच फळी, निळ्या ऑइलपेंटची, बाभळीची, जड. खुरं घसरू नयेत म्हणून वर आडव्या पट्ट्या ठोकल्या. रॅम्पवर फळी, फळीवर गोणपाट. कौसाबाईची हरणी पहिली चढवली. गोणपाट हुंगलं, एक खूर ठेवून बघितला आणि टकाटका वर. बाई हसली. बऱ्याच महिन्यांनी हसताना बघितलं तिला.

सगळ्यांना बजावलं, फळीशिवाय गोणपाट टाकायचं नाही. चे. म्हणाला, "व्हय व्हय." त्याचं व्हय व्हय मी ओळखून आहे.

९ सप्टें., बुधवार

छावणी बघितली. दावणी बऱ्या आहेत. उसाचं वाढं येतंय, जनावरं खाताहेत, एवढं खरं. बाकी फाटकावरच्या फ्लेक्सवर चे.चं डोकं, म्हशीच्या डोक्याच्या दुप्पट. खाली बारीक अक्षरात दुष्काळ.

हरणीने रंग धरलाय. कौसाबाई तिथंच पाचटाच्या खोपीत राहते. म्हणाली, "भाऊ, दूध वाढलं ओ थोडं."

१२ सप्टें., शनिवार. पोळा

बैल धुवायला पाणी नाही. ओल्या फडक्याने पुसले लोकांनी. छावणीत चे.ने मात्र चार बैल टँकरच्या पाण्याने धुऊन घेतले, फोटोसाठी. प्यायच्या पाण्याने. शिसारी आली. पुरणपोळी गोड लागली नाही.

१८ सप्टें., शुक्रवार

छावणी चालू होऊन बारा दिवस झाले, आता उद्घाटन. परवा. कुणीतरी साहेब येणार. चे. स्वतः घरी आला, मिस्त्री तुमचा सत्कार ठेवलाय, तुमच्या रॅम्पमुळे गोरगरिबांची जनावरं वाचली, शाल-नारळ, स्टेजवर बसायचं.

मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो. सौ.ने ते बरोबर टिपलं. "एकदाच कावून म्हनले?" आणि पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून ठेवली.

२० सप्टें., रविवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर उद्या मीच वेगळं काहीतरी सांगायला लागेन.

साहेब दहाला येणार होते, दीडला आले. तोवर जनावरं उन्हात, आम्ही मांडवात. स्टेज म्हणजे खालती टिपाडं, वर फळ्या, वर सतरंजी. मला दुसऱ्या रांगेत खुर्ची. बसलो आणि बुटाखाली काहीतरी टोचलं. पाय सरकवला, वीतभरावर पुन्हा तेच. आडवी पट्टी. सतरंजीची कड थोडी वर होती, खाली निळा रंग. फळी माझी.

कळलं होतं मला. त्याच क्षणी. रॅम्प फाटकाजवळ ट्रॉलीला लागलेत आणि फळी इथं माझ्या पायाखाली आहे, एवढं कळलं होतं. उठणार होतो. तेवढ्यात माईकवर माझं नाव आलं. शाल, नारळ, टाळ्या. शालीला नॅप्थलीनचा वास. खुर्चीत परत बसलो. वाटलं, आज कुठं कोण जनावर चढवणार आहे, सगळी तर आतच आहेत.

मग साहेबांचा फोटो राहिला. जनावर ट्रॉलीत चढवताना साहेबांच्या हातात दोर, असा फोटो पाहिजे होता. चारा खाऊन उभं असलेलं जनावर ट्रॉलीत चढवायचं, उगाच, फोटोसाठी. चे. ओरडला, "कौसाबाईची गाय आना, ती गरीब हाय." गोणपाट घातलेलं होतंच, दोन्ही रॅम्पवर मिळून एकच. हरणी कुरकुरली नाही, बिचकली नाही. पंधरवड्याखाली तिने ते हुंगून ठेवलं होतं. विश्वासाने पाय टाकला.

आवाज स्टेजपर्यंत आला.

साहेबांनी दोर टाकून दिला आणि हात पुसले. चे. माईकवरच म्हणाला, "काळजी न्हाई, कौसाबाईला सोसायटी दुसरी गाय देणार." पुन्हा टाळ्या. मीही वाजवल्या. माझ्या हातांची किळस येतेय.

सगळे गेल्यावर स्टेज मोडत होते, तिथून फळी काढून जीपमधे टाकून घेऊन आलो. कुणाला काही बोललो नाही.

२१ सप्टें., सोमवार

डॉक्टर येऊन गेले. पुढचा पाय, गुडघ्याखाली. प्लास्टर घातलंय. उभी राहिली तर वाचेल म्हणाले. चौघांनी पोटाखाली पट्टा घालून उभी केली. राहिली नाही.

फळी भिंतीला टेकवून ठेवलीय. रॅम्प छावणीतच.

२९ सप्टें., मंगळवार

हरणी गेली, पहाटे. कौसाबाई रडली नाही, हरणीच्या वासरीला पाणी पाजत बसली. वासरी वर्षाची, काळी. चे. आला नाही. छावणीत फोटो मात्र लागलाय, साहेबांच्या हातात दोर, हरणीचा पाय अजून जमिनीवर.

५ ऑक्टो., सोमवार

रॅम्प परत आणले. एका रॅम्पला रक्त वाळलेलं. तारेच्या ब्रशने घासलं.

कौसाबाई गाईचं विचारायला सोसायटीत गेली होती. "बैठकीत बघू" म्हणाले. आधी खुर्ची दिली नाही, मग चहा दिला. चहा दिला म्हणजे गाय द्यायची नाही.

१६ ऑक्टो., शुक्रवार

आज चे. कागद घेऊन आला, टाइप केलेला. "सदर गाय मुळातच अशक्त असून मालकिणीने स्वतः गोणपाट टाकून दोर ओढल्याने..." मी साक्षीदार. खाली माझं नाव, जागा मोकळी.

म्हणालो, हे खोटं आहे. तिने दोर धरलाच नव्हता.

"मिस्त्री, कावून ताणता? रॅम्प कुनाचे? तुमचे. फट कुनाच्या रॅम्पला? हिची चूक न्हाई म्हनलं तर लोक तुमाला इचारतील. मी तुमच्यासाठीच करतोय." मग भिंतीला टेकलेल्या फळीकडे बघितलं त्याने, बराच वेळ. "शाल बरी हाय ना? वापरा थंडीत." पुन्हा पायरीजवळ पिंक.

ह्याला माहीत आहे की मला माहीत होतं. तेवढ्यावर हा माझ्या ओट्यावर पाय पसरून बसला. कागद ठेवून गेला. सोसायटीची बैठक २५ ला.

त्याच्यापेक्षा मी फार वेगळा आहे असं आज म्हणवत नाही.

१९ ऑक्टो., सोमवार

सही केली नाही. फाडलाही नाही. खिशात घालून फिरतोय. सौ. बोलत नाही. शालीचं तिने पायपुसणं केलंय, दारातच.

२२ ऑक्टो., गुरुवार. दसरा

सोनं वाटायला बाहेर पडलो नाही. जीपखाली जाऊन पडलो, काम काही नव्हतं. ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर लागायला लागलेत. भांडी, गोधड्या, कोंबड्या बांधताहेत.

२४ ऑक्टो., शनिवार

दिवेलागणीला कौसाबाई आली. ओट्यावर बसली नाही, उभीच. उद्या पोरा-सुनेबरोबर तोडीला निघतेय. कंबरेला पट्टा आणलाय मेडिकलमधून. वासरी बरोबर न्यायची, तिकडं वाढं तरी मिळेल. ती रात्रीच ट्रॉलीत चढवून ठेवायची आहे.

"रॅम्प पायजेत भाऊ. फळीसकट द्या."

फळीसकट. मी विचारलं, फळीचं तुला कधी कळलं?

"त्याच दिशी. हरणीपाशी बसलेवते, तुमी स्टेजावरून काढून नेताना म्या बघितलं."

मग एवढे दिवस बोलली का नाहीस?

"तुमी बोलताल म्हनून थांबले."

रागाने म्हणाली नाही. एखादी बस उशिरा येते तेव्हा बोलतो तसं म्हणाली. मी उद्याच्या बैठकीचं काढलं. ती म्हणाली, बैठक अकराला, ट्रॅक्टर सहाला. बैठकीत गाय मंजूर झाली तर बांधायची कुणाच्या दारात? आज कुणी काही बोललं तर ती थांबेल, असं तिने म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

रॅम्प नेऊन ट्रॉलीला लावले. मधे फळी, वर गोणपाट. मी स्वतः आधी चढून उड्या मारून बघितल्या, लोक हसले. वासरी हुंगून थांबली. पुढे येईना. कौसाबाईने गोणपाट ओढून बाजूला फेकलं, निळी फळी तिला दाखवली. मग चढली.

परत आलो. सौ. आठवड्यात पहिल्यांदा आपणहून बोलली. चे. घरीच आहे म्हणाली, त्याच्या माडीवर लाइट दिसतोय, माणसं बसलीत.

कागद खिशातून काढला. चप्पल घातलीय. अजून ओट्यावरच बसून हे लिहितोय.