गाळलेलं ‘टाकून’

सर, आज तुमची लाल-निळी पेन्सिल कोर्टात नेली होती. झिजून बोटभर उरली आहे. फिर्यादीच्या प्रतीवर मी तिनं एकाच शब्दाखाली रेघ मारली होती. ‘माझ्या हाताला चावून मोबाईल चोरून पळाली.’ त्यातल्या ‘चावून’खाली. फिर्यादी वीटभट्टीचा मुकादम. आरोपी त्याच भट्टीवर विटा वाहणारी, आपटा गावाजवळच्या वाडीतली बाई. पोरगी तापानं फणफणलेली, वाडीवर फोन करायचा होता, मुकादम देईना, म्हणून तिनं त्याच्या बाजेवरचा मोबाईल उचलला आणि फाटकाकडे पळाली. फाटकापाशी त्यानं तिचे केस धरले, ती त्याच्या हाताला चावली. पाच महिने ती आत आहे, पोरगी आजीपाशी. नुसती चोरी ठरली तर आजवरच्या कैदेवर भागेल अशी आशा आहे. जबरी चोरी ठरली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

तुम्ही लॉ कॉलेजात आधी इंग्रजांचा कायदा शिकवायचात. आम्ही कुरकुर करायचो, परीक्षेला आपला कायदा येणार आणि सर लंडनला निघाले. तुम्ही म्हणायचात, त्यांचा पाठ असला की आपल्यातला फरक डोळ्यांत भरतो. मग उजवा हात वर. अंगठा, अप्रामाणिकपणे. तर्जनी, आपलीशी केली. मधलं बोट, मालमत्ता. अनामिका, दुसऱ्याची. आणि करंगळी हलवत, कायमची हिरावण्याच्या इराद्यानं. “ही करंगळी इंग्रजाची. आपल्याकडे ती नाही. परत देईन म्हणून उचललंत, तरी आपल्याकडे चोरीच.” मग तुम्ही मूठ वळायचात. मूठ वळली की जबरी चोरी. पण कधी वळली? आधी किंवा त्याच वेळी. आपला कायदा माल पळवून नेतानाची मूठही धरतो. आणि कशासाठी? मालासाठी की नुसतं सुटण्यासाठी? मागच्या बाकावरची मुलं हसत. मी हसत नसे, लिहून घेत असे.

मुकादम आज पिंजऱ्यात उभा आहे आणि मी उलटतपासणीला उठते. उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायचा नाही, हा तुमचा नियम. माझ्यापाशी फक्त त्या बाईचा शब्द आहे. तुरुंगात ती म्हणाली होती, “मॅडम, मोबाईल आदीच टाकला व्हता. तो केस सोडीना, मंग चावले. मोबाईल हाती नव्हता.” मुकादम ‘हातातच होता’ म्हणाला की सगळं संपलं. तरी मी विचारते.

“मोबाईल कुठे होता?”

“मॅडम, कुत्र्यासारखी चावली, हे बघा वण.”

“वण नंतर. चावली तेव्हा मोबाईल कुठे होता?”

“कुठे म्हणजे? चिखलात! फाटकापाशी टाकला तिनं. नवाकोरा मोबाईल, काच फुटली त्याची. म्हणून तर धावत जाऊन केस धरले मी तिचे!”

काचेच्या रागात तो खरं बोलून गेला. पण मी बसले नाही. न्यायाधीश टंकलेखकाला सांगत होते, “मोबाईल टाकून, चावून ती पळाली.”

“साहेब, ‘टाकून, चावून’ असं ‘ऊन’ नको, आधी काय नि नंतर काय ते त्यात बुडतं. साक्षीदाराच्या तोंडची तीन वाक्यं घ्यावीत. मोबाईल चिखलात पडला. त्यानंतर मी तिचे केस धरले. त्यानंतर ती चावली.”

“मॅडम, व्याकरणाचा तास आहे का?”

“नाही साहेब. तिच्या वर्षांचा प्रश्न आहे.”

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि तीन वाक्यं घेतली. निकाल पुढच्या आठवड्यात. पिंजऱ्याबाहेर येता येता मुकादम पुटपुटला, “बाई एका शब्दासाठी भांडते.” हो, भांडते. का, ते तुम्हाला माहीत नाही.

एसटी स्टँडजवळच्या तुमच्या ऑफिसात मला वर्षही झालं नव्हतं. स्टँडवर प्रवाशाची पिशवी चोरल्याचा आरोप असलेल्या एका हमालाचा जामीन अर्ज हायकोर्टात जायचा होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तुमच्या डोळ्यावर पट्टी, म्हणून फिर्यादीचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे. मूळ वाक्य होतं, ‘पिशवी टाकून, मला ढकलून तो पळाला.’ माझ्या इंग्रजीत ढकलणं आलं, पळणं आलं. पिशवी टाकणं राहून गेलं. जामीन नाकारला. दुसरा अर्ज लागेपर्यंत तो माणूस चार महिने आत राहिला. पट्टी निघाल्यावर तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवलेत आणि टायपिस्टबाईंना उभं केलंत. “एक आख्खा शब्द खाल्लात? माणूस आत बसलाय तुमच्या पायी!” बाई माझ्याकडे बघत होत्या. ज्यावरून त्यांनी टाईप केलं होतं तो कागद त्यांनी कधीच टाकून दिला होता, माझ्या अक्षरातला. मी कपाटातल्या फायली लावत राहिले. संध्याकाळी तुम्ही ही पेन्सिल माझ्या हातात ठेवलीत. “यापुढे सगळं तू तपासायचं. तुझ्या नजरेतून सुटत नाही.” मी ती घेतली. पुढच्या महिन्यात बाईंनी काम सोडलं.

उद्या सांगू, असं मी रोज ठरवत होते. तुम्ही गेलात तेव्हाही ते उद्यावरच होतं. म्हणजे ही पेन्सिल कायमची ठेवण्याचा इरादा नव्हता. तुमच्या करंगळीवर मी सुटते, सर. आपल्या कायद्यात नाही सुटत.

हे पत्र जायचं कुठे, फाईललाच लागेल. ते लावण्याआधी तपासलं, सवयीनं. वर मी लिहिलंय, ‘पिशवी टाकणं राहून गेलं.’ जणू ते आपणहून राहिलं. त्याखाली आता लाल रेघ मारली आहे आणि समासात लिहिलं आहे, मी गाळलं.