उणे सोळा वर्षं

४ मार्च
हवेची टाकी जाड झाली आहे. मीटरने तसं सांगितलं, आणि मीटर माझ्याच हातात होता. तीन वर्षांपूर्वी पत्रा नऊ पूर्णांक एक मिलिमीटर भरला होता, आज नऊ पूर्णांक आठ. एकतीस वर्षांची टाकी. कॉम्प्रेसर दिवसभर तिच्यात हवा कोंबतो आणि ती अंगाने भरते आहे.
बाकीचे इंजिनिअर टाकी तपासतात. मी सांभाळतो. दर तपासणीच्या आधी स्वतः उभं राहून रंगाचा एक हात मारून घेतो. नियमाप्रमाणे मीटर लावायच्या जागचा रंग खरवडायचा असतो. पण परवाच मारलेला रंग खरवडायचा म्हणजे पोराला आंघोळ घालून मातीत सोडायचं.
घरी सांगितलं. बायकोने विचारलं, लोखंड वाढतं का. मी म्हटलं, काळजी घेतली की वाढतं. ती भाजी निवडत राहिली.

५ मार्च, सकाळ
उरलेल्या आयुष्याचा हिशेब केला. सूत्र सोपं आहे. आजच्या जाडीतून कमीत कमी लागणारी सहा मिलिमीटर जाडी वजा करायची आणि वर्षाच्या झिजेने भागायचं. झीजच उणे आली. त्यामुळे आयुष्य उणे सोळा वर्षं. पुन्हा केलं. पुन्हा उणे सोळा.

५ मार्च, दुपार
चहा घेतला. उणेचं चिन्ह खोडलं. सोळा वर्षं.

६ मार्च
प्लँट मॅनेजर खूश. नवी टाकी नको, हे त्यांना फार आवडलं. महिनाअखेरीस माझी नोकरी संपते. म्हणाले, टाकी पास झाली की तुमच्या एक्स्टेन्शनचं बघू. 'बघू' म्हणाले म्हणजे झालंच. फक्त बाहेरचा तपासनीस येऊन सही करणार. ती औपचारिकता.
संध्याकाळी मुलीचा फोन. जावई तिथेच कॉम्प्रेसर ऑपरेटर आहे, मीच चिकटवला. त्याची खुर्ची टाकीला खेटून. ती म्हणाली, बाबा, टाकी बरी आहे ना, हे दिवसभर तिच्याशेजारी बसतात. मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो मी तिला. म्हणाली, ओळखीचं नाही विचारत, बाबा.

९ मार्च
संकल्प. रोज सकाळी टाकीभोवती एक फेरी.
टाकीच्या तळाला नळ आहे. आत साचलेलं पाणी रोज काढायची जुनी पद्धत. पाणी तांबूस येतं, रंगावर ओघळ उठतात. मागे मीच ते आठवड्यावर आणलं होतं. आजपासून पंधरवड्यावर. आतलं पाणी कोणाला दिसतं.

१० मार्च
फेरी झाली. टाकी चमकते.

११ मार्च
फेरी राहिली. गुडघा.

१३ मार्च
जावयाची खुर्ची जागेवर नाही. भिंतीपलीकडे, स्टोअरच्या दारात सापडली, जावयासकट. का, विचारलं. म्हणाला, बाबा, इथे वारा येतो. म्हटलं, तिथे पंखा आहे. म्हणाला, पंख्याचा वारा वेगळा.
हल्लीच्या मुलांना एका जागी बसायची सवय नाही.
मेकॅनिक तिथेच होता. म्हणाला, साहेब, तुमच्या सहीवर फार विश्वास आहे त्याचा, म्हणून तर भिंत मध्ये घेतलीय. मलाही तसंच वाटतं.

१७ मार्च
खुर्ची हलवायला जावयाला बायकोने सांगितलं होतं. आज जेवताना स्वतःच बोलली. मी कारण विचारलं. म्हणाली, तुम्ही गॅसचा रेग्युलेटर बसवलात त्या दिवसापासून मी स्वयंपाकघराची खिडकी बंद केलेली नाही. दोन गोष्टींचा संबंध लागला नाही. आमटीत मीठ कमी होतं. तसंच जेवलो.
फेऱ्या सोमवारपासून नव्याने.

१९ मार्च
उद्या तपासनीस. रंगाचा आणखी एक हात मारून घेतला. पेंटर म्हणाला, साहेब, खालचाच अजून वाळला नाही. म्हटलं, दोन्ही बरोबर वाळतील.
तपासनीसाला काय सांगायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. टाकी तपासायची नसते, सांभाळायची असते. छान वाटतं ऐकायला. बायको दारातून म्हणाली, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय, रंग लावून घेऊ नका.

२० मार्च
तपासनीस म्हणजे एक बाई निघाल्या. मुलीच्या वयाच्या. मला काका म्हणाल्या, पाणी मागितलं, मग रंग काढायला खरवडणी मागितली. मी म्हटलं, रंग ताजा आहे. म्हणाल्या, दिसतंय ना, म्हणूनच.
खरवडायला बराच वेळ लागला. थरावर थर. शेवटी रंगाचा एक जाड तुकडा निघाला, तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मग उघड्या लोखंडाला मीटर लावला. वर पाच पूर्णांक सहा. तळाशी, पाणी साचतं तिथे, चार पूर्णांक आठ. सहाच्या वर कुठेच नाही.
त्यांनी समजावून सांगितलं. मीटर पत्र्यात आवाजाची लहर सोडतो आणि ती परत यायला किती वेळ लागतो त्यावरून जाडी ठरवतो. रंगातून लहर हळू जाते, म्हणून मिलिमीटरभर रंग मीटरला अडीच मिलिमीटर लोखंड वाटतो. म्हणाल्या, काका, तुम्ही रंग मोजलात.
हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.
मग हिशेबाचा कागद पाहिला. हे उणेचं चिन्ह कोणी खोडलं, विचारलं. म्हटलं, मला ती चूक वाटली. म्हणाल्या, अख्ख्या कागदात तेवढंच बरोबर होतं.
कॉम्प्रेसर बंद केला. हवा सोडली. बराच वेळ आवाज चालला होता. जावई भिंतीपलीकडून आला, टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, बाबा, तुम्ही डबा खाल्ला का. म्हटलं, नाही. म्हणाला, खाऊन घ्या.
खाल्ला.
काही वाटलं नाही. रंगाचा तुकडा खिशात राहिला. चांगला धरला होता रंग.

२१ मार्च
नवी टाकी यायला तीन महिने. तोवर कॉम्प्रेसर बंद. जावई रोजंदारीवर, त्यामुळे तोही बंद. हे मला क्लार्कने जिन्यात सांगितलं.
एक्स्टेन्शनचा विषय काढला. मॅनेजर म्हणाले, कशाचं. खरंच आठवत नसावं. कामं फार असतात त्यांना. मीटर स्टोअरमध्ये जमा करायला सांगितला. केला. स्टोअरवाला म्हणाला, बॅटरी काढून द्या. काढून दिली.

२२ मार्च
मुलीचा फोन आईला. मी बाजूच्या खोलीत पेपर वाचत होतो. माझं नाव निघालं नाही. एकदा ही म्हणाली, नाही गं, मुद्दाम नाही करत ते कधी. मग बराच वेळ नुसतं हं, हं.
ते भाड्याची खोली सोडताहेत. काम सुरू होईपर्यंत इथे राहतील. ही लगेच कपाट रिकामं करायला लागली. मी मदत करू का म्हटलं. म्हणाली, बसा.
आता मुलीला नीट समजावून सांगणं माझं काम. ठरवलं आहे. सांगणार, मीटर जुना होता. वाक्य बायकोला म्हणून दाखवलं. तिने चादरीची घडी पुरी केली आणि म्हणाली, दुसरं शोधा.
शोधतो आहे. अजून सापडलं नाही.
रविवारी संध्याकाळी दोघं सामान घेऊन येतील. मी त्या वेळी घरीच असेन, असं बायकोने त्यांना सांगून ठेवलं आहे.