दोन बॅटऱ्या आणि गाडीतला गणपती

५ सप्टेंबर १९८६
दादाच्या कानाखाली वाजवली. त्यानेही माझा दात हलवला. भाऊ वेगळे झाले तरी घराण्याचा गणपती एकच, म्हणे. का? माझी मेटाडोर घर नाही? पलंग, स्टोव्ह, पंखा, दोन बॅटऱ्या. एक इंजिनाची, एक घराची. यंदा माझा गणपती वेगळा. आणि त्याच्याच घराच्या दगडी गडग्यासमोर! राही म्हणाली, पाच दिवस देवाचं नीट केलंत तर जन्मभर या डब्यात राहीन, नाहीतर मी आपली भाऊजींच्या, म्हणजे दादाच्या घरी. बायकोला सिस्टिम काय कळते!

७ सप्टेंबर, चतुर्थी
गाडीत मूर्ती बसवली. बल्बांचा झगमगाट. रात्री दादाकडची लाइट गेली. मुद्दाम हॉर्न वाजवला. त्याने धोंडा मारला, काच फुटली. तरी विजय माझाच.

८ सप्टेंबर
बल्ब मिणमिणतायत. सोपं आहे. गाडी चालली की डायनॅमो बॅटरी भरतो. इंजिन सुरू केलं. मूर्ती थरथरली, मुकुट तिरका झाला. राहीने ताम्हन माझ्या डोक्यात घातलं. प्रतिष्ठा केलेला देव विसर्जनापर्यंत हलवतात का, म्हणाली. हे मला ठाऊक नव्हतं काय? फक्त देव गाडीत बसवताना आठवलं नाही.

९ सप्टेंबर
इंजिनाची बॅटरी घराला जोडली. प्लस-मायनस उलटं. जाळ! एक भुवई गेली. बॅटरीला लाथ घातली, अंगठा सुजला. मेली बॅटरीच हलकट.

१० सप्टेंबर
दादा आरतीत असताना त्याच्या पडवीतून वायर ओढली. बॅटरी बाहेर काढून चार्जर लावला. पाणी किती आहे बघायला काडी पेटवली. धडाम्! बॅटरीतला गॅस पेटला. शर्टाची चाळण, झाकण दादाच्या पाठीत. तो ओरडत आला, मेल्या, वीजपण माझीच चोरलीस? चिखलात लोळून एकमेकांना तुडवलं. वहिनीने दोघांवर घागर ओतली. मी वर होतो, हे नोंदवून ठेवतो.

११ सप्टेंबर, संध्याकाळ
विसर्जन. मांडवीच्या किनाऱ्यावर गाडीतून मिरवत नेणार होतो. दोन्ही बॅटऱ्या मेलेल्या. चार लाथा घातल्या, गाडी ढिम्म. दादा आला. मी पाना उगारला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. राहीला विचारलं, उत्तरपूजा झाली का. झाली म्हणाली. त्याने डोक्यावर टॉवेल ठेवून माझा गणपती उचलला. आता मारणार कुठे? डोक्यावर देव होता.
राही आपली ट्रंक दादाच्या पडवीत ठेवून मागोमाग गेली. समुद्रावरून सगळी परत आली, ती गडग्याच्या आत.
जेवायला ये म्हणून दादाने एकदा हाक मारली. मी ओ दिली नाही. आत काळोख आहे. भूक लागलीय, रडू येतंय. दार उघडून बसलोय. दुसरी हाक आली नाही.