वर्दीला पदर नसतो

सर, आज तुमच्या स्मृतिदिनाला मला स्टेजवर बसवलं होतं. मागे बॅनर, वर तुमचा फोटो, खाली माझा वर्दीतला, आणि मधे ‘सरांच्या प्रेरणेने सैन्यात’. वाचून हसू आलं, ते आवरायला जड गेलं.

तुमची प्रेरणा मला चांगली आठवते. मोहोपाड्याच्या केमिकल कंपन्यांचा वास नाकात घेत तुम्ही सकाळी शाळेच्या मैदानावर पोरांना भरतीसाठी पळवायचात. मीही आले, तर मला पायरीवर बसवलंत. “तू चपला सांभाळ गं. पळायला शिकून काय करणार हायस, सासरवरनं पळून येणार?” पोरं फिदीफिदी हसली आणि त्यांच्याहून जास्त तुम्ही, स्वतःच्याच विनोदावर. वर्षभर मी चपला राखल्या. सगळे गेले की त्याच मैदानावर एकटी पळायचे, तेव्हा तुम्ही घरी चहा पीत असायचात. फौजेतही तुमचे भाऊबंद भेटले. मोठे साहेब येणार असले की गुच्छ द्यायला मीच लागते, आणि रांगोळी येते का, हेही मलाच विचारतात. रायफल खोलून जोडण्यात तुकडीत पहिली आले, तर एकजण म्हणाला, पोळ्या लाटून हात बसलाय. असल्या माणसांचा आता राग येत नाही. कीव येते, तीही थोडीच.

ट्रेनिंग संपवून पोरगा आला की त्याला लोधिवलीच्या फाट्यावरून उघड्या जीपमधून वाजतगाजत आणतात. माझी मात्र आज इथेच, स्टेजवर ओटी भरली. सरपंचबाई तांदूळ-नारळ घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि मला वरखाली न्याहाळत म्हणाल्या, “पदरच नाय गं तुझ्या कपड्याला. मी हे टाकू कुठं?” खालून कुणीतरी सुचवलं, “टोपीत घे की.” टोपी मी डोक्यावरच ठेवली. तांदूळ स्टेजभर सांडले आणि नारळ हातात धरून मी सावधानमध्ये उभी राहिले. हसलं कुणीच नाही, सगळ्यांना ते फार मंगल वाटत होतं. मग माइक आला. “सरांनी तुला कसं घडवलं ते सांग.” मी सरळ सांगितलं, सरांनी मला चपला राखायला बसवलं, एक दिवस पळू दिलं नाही. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापक म्हणाले, “बघा, याला म्हणतात शिस्त.”

एक मात्र मी तिथे बोलले नाही. पायरीवर बसले की तुमचं ओरडणं ऐकू यायचं, “दोन पावलं श्वास आत, दोन पावलं भायेर.” ते पोरांसाठी होतं. भरतीच्या धावण्यात पोटात कळ आली तेव्हा मी तसाच श्वास घेतला, आणि अजून रोज सकाळी तसाच घेते. तुम्ही शिकवलं नाहीत, मी ऐकलं. तरी ते तुमचंच आहे, आणि तुम्ही जिवंत असतात तर हे मी तुम्हाला कधीच कळू दिलं नसतं.